बाकावरच्या क्वार्टरबॅकची आई

२३ ऑगस्ट, शनिवार

कोचने आज यंदाच्या क्वार्टरबॅकचं नाव जाहीर केलं. एलियास बाका.

तीन वर्षं माझा एमेट केल्सो स्टेट कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या बाकावर बसून राहिला. आधीचा क्वार्टरबॅक पदवी घेऊन बाहेर पडला की चेंडू फेकण्याची पाळी याची, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तो पोरगा गेला, आणि कोचने जानेवारीत न्यू मेक्सिकोतल्या कुठल्याशा कॉलेजातून हा तयार माल उचलून आणला. हल्ली पोरं मोजे बदलावेत तशी कॉलेजं बदलतात.

एमेटचा फोन आला तेव्हा मी त्याच्या वाटचं रडायच्या तयारीतच बसले होते. तर तो म्हणतो, "आई, तो खरंच चांगला आहे गं. इथे बिचाऱ्याला कुणी ओळखत नाही, म्हणून मी त्याला माझ्याच खोलीत घेतलंय."

"तुझ्या खोलीत?"

"हो. घोरतो फक्त."

फोन ठेवल्यावर व्हर्न म्हणाला, "छान झालं." माझ्या नवऱ्याला सगळंच छान वाटतं. गारपीट झाली तरी म्हणेल, अंगण धुऊन निघालं. मी म्हटलं, "पोराच्या आवाजातलं दुःख तुला ऐकू नाही आलं?"

"मला मागे कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं," तो म्हणाला.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिला सामना. जिंकलो, पण जेमतेम. समोरची टीम इतकी लिंबूटिंबू होती की जिंकल्याची लाज वाटावी.

स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, सगळे गाडीमागे खाणं मांडून बसतात तिथे, आमची नेहमीची जागा. मी पहाटे उठून कोबी-खिमा भरलेले पाव भाजले होते. एमेट शाळेत होता तेव्हापासून प्रत्येक सामन्याला मी ते करते, आणि मुलं त्यावर तुटून पडतात. यंदा शेजारी एक धुळीने माखलेला पिकअप. त्याच्यामागे एक बुटकी, रुंद बाई जाळीचं पिंप गॅसच्या जाळावर गरागरा फिरवत होती आणि आत हिरव्या मिरच्या तडतडत होत्या. वास असा की अर्धं पार्किंग नाक वर करून तिकडे वळलं.

"अगं, तू मार्लिस ना? एमेटची आई!" तिने मला मिठीच मारली. पहिल्याच भेटीत अगं-तुगं. "मी चेलो. एलियासची आई. तुझ्या मुलाने माझ्या मुलाला सांभाळलंय बाई."

सांभाळलंय! त्याची जागा तुझ्या मुलाने घेतली, आणि वर सांभाळायचं कामही त्यालाच.

सामना संपल्यावर एमेट आला, माझ्या कपाळाला ओठ टेकवले, म्हणाला, "दमलो गं आई." आणि गेला चेलोबाईच्या रांगेत. मी मोजत नव्हते, पण दिसतं ना माणसाला. माझे पाव ट्रेसकट घरी परत आले. व्हर्न म्हणतो तो डब्यात नेईल. धान्याच्या कोठारावर तो कामाला आहे, तिथल्या लोकांना काय, घातलं ते खातात.

सामनाभर मैदानाच्या कडेला एमेट कानावर हेडफोन लावून हातवारे करत उभा होता. कुठली चाल खेळायची त्याच्या खुणा करत होता. विमानतळावर विमान जागेवर लावणारा माणूस असतो तसा. तीन वर्षं काय ह्यासाठी थांबला माझा मुलगा?

१४ सप्टेंबर, रविवार

काल हरलो. एलियासला चेंडू हातात असतानाच इतक्यांदा आडवा पाडला की त्याची हळदी जर्सी गवताने हिरवी झाली.

पार्किंगमध्ये क्लेम तावातावाने बोलत होता. क्लेम बियाणं विकतो, आणि तोंड सतत चालू ठेवायची सवय त्याला धंद्यातून लागली आहे. "त्या पोराला मैदान दिसतंय तरी का? माझी सासू त्याच्यापेक्षा लवकर चेंडू सोडेल, आणि तिला संधिवात आहे!"

"उभं राहायला सवड मिळाली तर दिसेल," व्हर्न म्हणाला. "त्याला वाचवणारी पुढची फळीच नाही राहिली. डावीकडचा तो धिप्पाड पोरगा गुडघा धरून गेला, तिथे आता नुसतं भगदाड आहे. समोरचे त्यातून चालत येतात."

"फळी, फळी! तू स्वतः शाळेत फळीत खेळलास म्हणून तुला सगळीकडे फळीच दिसते."

"फळीत खेळलो म्हणून ती पडली की मला आवाज येतो."

मी म्हटलं, "एखादा चपळ मुलगा असता तर निसटला असता."

"निसटून जाणार कुठे?" व्हर्न म्हणाला. "मागे सरकला तर पार्किंगमध्ये येईल." स्वतःच्या मुलाची बाजू घ्यायची सोडून हा माणूस विनोद करतो.

आज दुपारी बक लिंडहोल्मचा रेडिओ कार्यक्रम होता. लोक फोन करून सामन्याची चिरफाड करतात. व्हर्न लॉनवर होता. मी गॅरेजमध्ये गाडीत बसून फोन लावला. का लावला ठाऊक नाही. नाव विचारल्यावर तोंडातून निघालं, "कॅरल. ऑल्डनहून." मग मी सांगितलं की ह्या पोराचे पाय सिमेंटमध्ये रुतल्यासारखे दिसतात, फेकताना त्याचं कोपर खाली जातं, आणि बाकावर तीन वर्षं तयारीने बसलेला एक मुलगा आहे, त्याचा विचार कोच कधी करणार?

बक खूश झाला. "कॅरलताई, पुढच्या रविवारी पण फोन करा हं!"

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा हार. पुन्हा फोन केला.

काल क्लेम मलाच सांगत होता, "पोराचे पाय सिमेंटमध्ये रुतलेत, मार्लिस!" जणू त्यालाच सुचलंय. दोन रांगा मागे कुणीतरी तेच ओरडलं. चेलोबाई माझ्यापासून तीन खुर्च्यांवर बसली होती. ती वळून बघत नाही. हातात जपमाळ, आणि ओठ हलत असतात.

५ ऑक्टोबर, रविवार

एमेट जेवायला आला आणि सोबत त्याला घेऊन आला. फोन नाही, काही नाही, सरळ दारात. "आई, एलियासला पण भूक लागली आहे."

पोरगा वाईट नाही. तेच तर. उद्धट असता तर सोपं गेलं असतं. ताट वाहून नेलं, व्हर्नला सर म्हणाला, मांस भाजलं होतं त्याची दोनदा तारीफ केली. मानेवर एवढा मोठा निळा डाग. मी विचारलं तर म्हणाला, "सिमेंटवर पडलो, काकू." एमेटला पाणी पिता पिता ठसका लागला.

जेवण संपल्यावर दोघांनी मिठाची-मिरपुडीची डबी, चमचे, मोहरीची बाटली सगळं टेबलावर मांडलं आणि चाली आखायला लागले. "हा बघ, हा इथे झेपावणार," एमेट चमचा सरकवत म्हणाला, "म्हणजे ही जागा मोकळी. तू वाट बघूच नकोस. चेंडू हातात आला की लगेच सोड." त्याचे डोळे असे चमकत होते! हायस्कूलमध्ये खेळायचा तेव्हाही मी ते असे बघितले नव्हते.

"प्रतिस्पर्ध्यांचा सगळा अभ्यास कोचने आता माझ्याकडे दिलाय, आई. गुरुवारच्या बैठकीत मीच बोलतो."

मी मनात म्हटलं, बघा! इतकी अक्कल आहे हे कोचलाही कळलंय. मग खेळवायला काय धाड भरली आहे?

"हा नसता ना काकू, तर मी सप्टेंबरमध्येच पळून गेलो असतो," एलियास म्हणाला. निघताना दारात थांबून तो म्हणाला, "काकू, तुमचा आवाज फार छान आहे. रेडिओवर असायला हवा."

कुणी कौतुक केलं की मी विरघळते. थँक यू म्हटलं. एमेट त्याला दंडाला धरून ओढतच गाडीकडे घेऊन गेला.

मग कळलं की एमेट चेलोबाईला 'तीया' म्हणतो. म्हणजे मावशी. व्हर्नला ठाऊक होतं. ती त्याला दर बुधवारी फोन करते. मला तो रविवारी करतो, आणि तोही आठवण केली तर.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल जुने विद्यार्थी बघायला परत येतात तो मोठा सामना. स्टेडियम खचाखच. मध्यंतरापर्यंत आपल्या नावावर एकही गुण नाही. एलियासने फेकलेला चेंडू समोरच्यांनी हवेतच पकडला आणि लोक हुर्यो करायला लागले. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या बायकासुद्धा तोंडाचा भोंगा करून.

मग कुणीतरी उभं राहून ओरडलं, "एमेट! एमेट!"

ती मीच होते.

क्लेमने उचललं, मग आमची रांग, मग पलीकडची बाजू. हजारो लोक माझ्या मुलाचं नाव घेत होते. अंगावर काटा आला. आणि मग बघते तर चेलोबाई पण उभी. मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या धरणार. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे, अगं. मिळू दे त्यालाही संधी. एलियासला जरा श्वास घेऊ दे." आणि तीही टाळ्या वाजवत ओरडायला लागली, "एमेट! एमेट!"

मला तिचा इतका राग आला! एवढं एक माझं होतं, त्यातही ती घुसली.

मैदानाच्या कडेला एमेट आमच्याकडे पाठ करून उभा होता. दोन्ही हात कानांवर. हेडफोनमधलं ऐकू येत नसणार गोंगाटात.

आज कोचने सांगितलं. पुढच्या शनिवारी सुरुवात एमेट करणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू.

पहिल्याच चालीला पाडला. दुसऱ्याला पाडला. तिसऱ्याला त्याने घाईघाईत चेंडू भिरकावला तो सरळ समोरच्या टीमच्या हातात. डावीकडून ते धटिंगण येत राहिले, दारातून पाहुणे यावेत तसे. निसटायला जागाच नव्हती. व्हर्न नुसता माझा गुडघा धरून बसला.

आणि मग लोक. तेच लोक. "ह्याचे पण पाय सिमेंटमध्ये!" "बाकावरच का होता ते कळलं!" क्लेम माझ्याकडे न बघता आपल्या कॉफीच्या कपात म्हणाला, "चांगला मुलगा आहे तसा." मागचा एक माणूस असं काही बोलला की मी इथे लिहिणार नाही. चेलोबाई उठली, पायऱ्या चढून त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "ए दादा, ती तिथे बसली आहे ना, ती त्याची आई. आता बोल."

तिने माझ्यासाठी भांडावं असं मी तिला सांगितलं नव्हतं.

मध्यंतरानंतर एलियास मैदानात उतरला. एमेट कडेला, हेडफोन कानावर. कोचने एवढी नाचक्की करायला नको होती. एक अख्खा सामना तरी द्यायचा.

२ नोव्हेंबर, रविवार

एमेट एकटाच आला. व्हर्न त्याला बघून म्हणाला, "मी जरा गॅरेजमध्ये आहे," म्हणजे ह्यांचं आधी ठरलं होतं.

"आई, कोचने मला काढलं नाही. मध्यंतरात मी स्वतः गेलो त्याच्याकडे."

"स्वतः? का? लोक ओरडले म्हणून?"

"मला खेळायचं नव्हतं. मागच्या वर्षीपासूनच नाही. मला कडेला उभं राहून खेळ बघायला आवडतो. सगळं मैदान दिसतं. मधे उभं राहिलं की मला नुसती माणसं अंगावर येताना दिसतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" आणि मग जरा थांबून, अगदी हळू, "कॅरलने तरी विचारलं का?"

मी टेबलाची कड धरली.

मग त्याने सांगितलं. फिजिओच्या खोलीत दर रविवारी बकचा कार्यक्रम लावतात. पहिल्याच फोनला आवाज ओळखला तो एलियासने. पार्किंगमध्ये एकदाच भेटलेली बाई, पण ओळखला. बर्फाच्या टबात बसला होता तो. एमेटला म्हणाला, "तुझी आई आहे ही. तिला काही बोलू नकोस हं. माझी आई पण तक्रार करायला फोन करते, फक्त ती देवाला करते."

"तुझ्या लाजेने मी दोन आठवडे त्याच्याशी नीट बोललो नाही," एमेट म्हणाला. "तोच मला हसवायचा."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी केलं."

"हो का?" तो म्हणाला. रागावला असता तर मी पण रागावले असते. तो नुसता दमलेला दिसत होता. कॉफी न पिता गेला.

दिवसभर स्वतःला समजावते आहे की मी त्याच्याचसाठी केलं. अर्धा दिवस पटतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सामन्याला जायचंच नाही असं ठरवलं होतं. व्हर्न म्हणाला, "मग मी एकटा जातो, आणि चेलोकडे जेवतो." म्हणून गेले.

काय बोलायचं ते गाडीत पाठ करून ठेवलं होतं. चेलोबाई मिरच्या सोलत होती. बोटं काळी झालेली. मी तोंड उघडायच्या आत तिने कागदी ताट पुढे केलं.

"घे ना, कॅरल."

ताट माझ्या हातातून पडलंच असतं.

"अगं खा. बघत काय बसलीस."

मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मिरची जहाल होती, त्यामुळे कशाचं पाणी ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. ती बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "माझ्या मुलाचे पाय सिमेंटमध्ये नाहीत. एलियासकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अकरा तास गाडी चालवून तुझ्या घरी यावं आणि तुला दोन लगावाव्यात असं वाटलं होतं. पण कोपर खाली जातं, ते तू बरोबर सांगितलंस. मी त्याला सातवीपासून सांगते आहे, ऐकतो का?"

"मला तुझा फार हेवा वाटतो," मी म्हटलं. पाठ केलेलं वेगळंच होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मला पण वाटतो. तू चाळीस मिनिटांत तुझ्या मुलाला भेटू शकतेस. मी बाईमाणूस अर्धी रात्र गाडीत असते." मग माझ्या ट्रेवरचं फडकं उचलून एक पाव घेतला, मधोमध फाडला, त्यात दोन मिरच्या कोंबल्या आणि खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाली.

मीठ अजिबात कमी नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो! घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, आणि सणसणीत जिंकलो.

एलियासने चेंडू हातात ठेवलाच नाही. आला की सोड, आला की सोड. आखूड आखूड फेक, समोरचे धटिंगण पोचायच्या आत चेंडू गेलेला. फळीतलं भगदाड होतं तिथेच होतं, पण त्याचा उपयोगच राहिला नाही. ह्या सगळ्या चाली त्या रविवारी माझ्या टेबलावर मोहरीच्या बाटलीने आखलेल्या. मी ओळखल्या.

लोक "एलियास! एलियास!" करून घसा फोडत होते. क्लेम मला म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोरात दम आहे." एवढ्या गर्दीत एकाच्याही तोंडी माझ्या मुलाचं नाव नाही. छातीत पुन्हा तेच जळायला लागलं. सुधारले वगैरे काही नाही मी.

पण आज मी चेंडूकडे बघतच नव्हते. कडेला एमेट हात हलवायचा, आणि पुढच्या क्षणी मैदानावर तसंच घडायचं. दर वेळी. गुण मिळवून देणाऱ्या एका टचडाउनला तो उडी मारून स्वतःच्याच हेडफोनच्या वायरीत अडकून पडला. मी इतकी हसले की व्हर्नने वळून बघितलं.

"किती वर्षांनी," तो म्हणाला. काय ते नाही सांगितलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

टर्की कापताना एमेटने सांगितलं. डिसेंबरात पदवी मिळाली की जानेवारीत न्यू मेक्सिकोला जाणार. एलियासच्या जुन्या हायस्कूलमध्ये कोचचा मदतनीस. पगार बेताचा, पण क्वार्टरबॅकची मुलं त्याच्या हाताखाली. राहायला चेलोबाईच्या घरामागची खोली.

"तिच्याकडे," मी म्हटलं.

"घराच्या मागे, आई. दार वेगळं आहे."

व्हर्न म्हणाला, "छान झालं." आणि ह्या खेपेला म्हणताना त्याचाच आवाज कातर झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन भोपळ्याचं गोड सारण भरलेला पम्पकिन-पाय आणला. तो कापायला मला बराच वेळ लागला.

३० नोव्हेंबर, रविवार

परवा बाहेरगावी शेवटचा सामना हरलो. थोडक्यात. सीझन संपला.

सकाळी चेलोचा फोन. "अगं, मला त्याचं सगळं सांगून ठेव. खोली तयार करते आहे. काय खातो, काय नाही, कशाने आजारी पडतो."

मी सांगत गेले. अक्रोड चालत नाही, अंगावर पित्त उठतं. पांघरूण जड लागतं. सकाळी तासभर त्याच्याशी बोलायचं नाही. सांगताना बरं वाटत होतं. इतकं सगळं मला माहीत होतं, आणि तिला नव्हतं.

मग तिने विचारलं, "आणि मन खट्टू झालं की काय करतो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि जे सांगणार होते ते तो नऊ वर्षांचा असतानाचं होतं. कोटांच्या कपाटात जाऊन बसायचा. त्यानंतरचं काहीच आठवेना. ह्या अख्ख्या सीझनमध्ये त्याचं मन किती वेळा मोडलं असेल, आणि मी रेडिओवर होते.

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं. "तुला माहीत आहे?"

तिला ते आधीच माहीत होतं. फक्त आधी माझ्याकडून ऐकायचं होतं तिला.

"भांडी घासतो," ती म्हणाली. "हरल्यावर माझ्या पिकअपपाशी येतो आणि असतील नसतील ती पातेली घासायला घेतो. एक शब्द बोलत नाही."

जळफळाट झाला माझा. अंगाची नुसती आग. तरी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"काही नाही. शेजारी उभी राहून पुसते. तिसऱ्या-चौथ्या पातेल्याला तो स्वतःच बोलायला लागतो."

एमेट सहाला जेवायला येतोय. व्हर्नला सगळं सांगून ठेवलंय, त्याने हो म्हटलंय. घरातली मोठी पातेली एकूण एक आज वापरायची, आणि डिशवॉशर बिघडलाय असं सांगायचं.